उंदीर व गव्हाणी घुबड
शेतकऱ्याच्या एका शत्रूची व एका मित्राची शरीरघडण

शेतांतील उंदरांविषयीं शेतकऱ्यांची तक्रार जुनीच आहे. औषध कोणतें घालावें, सापळा कोणता लावावा, याची चर्चा नेहमीं होते. परंतु उंदीर हा कोणत्या प्रकारचा प्राणी आहे आणि त्याचें निसर्गसिद्ध वैरी जें गव्हाणी घुबड, तें कोणत्या प्रकारचें आहे, याचा विचार सहसा होत नाहीं. एक सस्तन आहे, दुसरें पक्षी आहे. या दोन वर्गांची घडण नीट समजली म्हणजे आपल्या उपायांपैकीं कोणते हिताचे व कोणते घातक, हें आपोआप ध्यानांत येतें. म्हणून हा विषय येथें थोडक्यांत मांडण्याचें आम्ही योजिलें आहे.

दोघांत सारखें काय?

पक्षी व सस्तन हे दोन्ही वर्ग उष्ण रक्ताचे आहेत. साप-सरड्यांचें शरीर हवेबरोबर तापतें व निवतें. उंदराचें शरीर मात्र बारमास सुमारें ३७ अंश सेंटिग्रेड उष्णतेवर राहतें, आणि पक्ष्यांचें त्याहूनही कांहीं अंश अधिक. एकानें ही ऊब केसांनीं राखिली, दुसऱ्यानें पिसांनीं. पौषांतल्या कडाक्याच्या रात्रींही दोघे चपळ असतात, त्याचें कारण हेंच. परंतु ही ऊब फुकट मिळत नाहीं. चूल पेटती ठेवावयाची तर जळण सारीत राहिलें पाहिजे, तसें शरीरांत अन्न घालीत राहावें लागतें. साप एकदां गिळून कित्येक दिवस स्वस्थ पडतो. उंदरास रोज दाणा पाहिजे आणि घुबडास रोज उंदीर पाहिजे. ज्या नियमानें उंदीर आपलें नुकसान करितो, त्याच नियमानें घुबड आपलें काम करितें.

उंदराची घडण

उंदराचे पुढचे चार दांत जन्मभर वाढत असतात. त्यांचें कठीण कवच फक्त पुढच्या बाजूस असतें. मागची बाजू मऊ म्हणून आधीं झिजते, व पटाशीसारखी धार आपोआप लागत राहते. या दांतांच्या मागें मोकळी जागा असते. तींतून ओठ आंत मिटून घेतां येतात, म्हणून दांतांनीं माती उकरतांना ती तोंडांत जात नाहीं. घुशीच्या जातीचा काळसर शेत-उंदीर बांध पोखरून कणसें आंत सांठवितो, तो याच हत्याराच्या बळावर.

पण त्याचें खरें बळ दांतांत नाहीं. तें गर्भाशयांत व दुधांत आहे. मादी सुमारें तीन आठवडे पिलें पोटांत वागविते. या काळांत ती चरते, पळते, बीळही खणते. एका वेतांत बहुधा सहा ते आठ पिलें होतात. तीं जन्मतः आंधळीं व केसरहित असतात. परंतु आई बिळांतील सांठ्यावर राहून त्यांस दूध पाजते. सुमारें तीन महिन्यांत हीं पिलें स्वतः प्रजोत्पादनास योग्य होतात. यास लागतें काय? केवळ एक बीळ, आणि तेंही मादी स्वतःच खणून घेते.

घुबडाची घडण

उडणाऱ्या प्राण्यास ओझें परवडत नाहीं. म्हणून पक्ष्याचीं बरींच हाडें पोकळ असतात, दांत मुळींच नसतात, व दळण्याचें काम पोटांतील पेषणी करिते. घुबड उंदीर बहुधा सबंधच गिळतें. न पचलेले केस व हाडें यांचा गोळा बनतो व तो तें तोंडावाटे टाकून देतें. घुबडाच्या बसण्याच्या जागेखालीं असे काळसर गोळे पडलेले सांपडतात. त्यांतील एखादा पाण्यांत भिजवून काडीनें उकलून पाहावा. लांब पिंवळट दांतांच्या कवट्या दिसल्या तर त्या उंदरांच्या समजाव्या. घुबड काय खातें, याविषयीं शेजाऱ्याशीं वाद घालण्यापेक्षां हा पुरावा बरा.

घुबडाचे डोळे खोबणींत घट्ट बसलेले असल्यामुळें फिरत नाहींत. त्याची भरपाई मान करिते. जिराफापासून उंदरापर्यंत जवळजवळ सर्व सस्तनांच्या मानेंत सातच मणके असतात. घुबडाच्या मानेंत ते चौदा असतात. त्याच्या कानांचीं छिद्रें एका पातळींत नसून एक वर व एक खालीं असतें, आणि पसरट गोल चेहरा सुपाप्रमाणें आवाज गोळा करून कानांकडे लोटतो. त्यामुळें आवाज कोणत्या बाजूनें व किती उंचीवरून आला हें त्यास अचूक कळतें. अमेरिकेंतील रॉजर पेन यांनीं अगदीं काळोख्या खोलींत प्रयोग करून १९७१ सालीं दाखवून दिलें कीं, हें घुबड केवळ आवाजावरून सावज पकडूं शकतें. पंखांच्या पुढच्या कडेस बारीक दांते व पृष्ठभागावर मखमलीसारखी लव असल्यामुळें त्याच्या उडण्याची चाहूल उंदरास लागत नाहीं.

परंतु याच पक्ष्याची एक मोठी अडचण आहे. त्यास पिलें पोटांत वाढवितां येत नाहींत. अंडीं बाहेर घालून महिनाभर उबवावीं लागतात, व पुढें सुमारें दोन महिने पिलांस भरवावें लागतें. अंडीं बहुधा चार ते सात असतात. मादी पहिल्या अंड्यापासूनच उबवूं लागते, म्हणून पिलें लहानमोठीं निपजतात. उंदीर मुबलक असले तर सर्व जगतात, नसले तर धाकटीं मरतात. आणि गव्हाणी घुबड काड्यांचें घरटें बांधीत नाहीं. झाडाची ढोली, पडक्या वाड्याचा कोनाडा, विहिरीच्या बांधकामांतील पोकळी, असें तयार ठिकाण त्यास लागतें.

येथेंच सर्व मर्म आहे. उंदीर आपलें घर स्वतः करितो. घुबडाचें घर मात्र पुष्कळदां आपल्या हातांत असतें. जुना आंबा तोडला, पडका वाडा पाडला, विहीर सिमेंटनें लिंपली, कीं घुबडाची जोडी नाहींशी होते; उंदीर होता तेथेंच राहतो.

शेतकऱ्यानें काय करावें?

पहिली गोष्ट, ढोलीचें जुनें झाड होतां होईल तों राखावें. तें नसेल तर लांकडी खोकें करून शांत जागीं, खांबावर किंवा झाडावर, बारा-पंधरा फूट उंच बसवावें. तें सुमारें दोन फूट लांब व सव्वा-दीड फूट रुंद-उंच असावें. भोंक सुमारें सहा इंचांचें, पावसाच्या माऱ्याच्या उलट दिशेस व तळापासून शक्य तितकें वर असावें, म्हणजे लहान पिलें बाहेर पडणार नाहींत. खोकें सावलींत असावें. इस्राएलमध्यें १९८३ पासून शेतकऱ्यांनीं अशीं खोकीं लावून घुबडें आपल्या शेतांत वसविलीं आहेत.

दुसरी गोष्ट विषाची. ब्रोमॅडिओलोनसारखें रक्त न गोठूं देणारें विष खाल्लेला उंदीर लगेच मरत नाहीं. कांहीं दिवस मंद होऊन उघड्यावर फिरतो, व असा उंदीर घुबडाच्या तावडींत आधीं सांपडतो. विष त्याच्या यकृतांत असतेंच; तें घुबडाच्या पोटांत जातें. म्हणून जेथें घुबडाचा वावर आहे तेथें असें विष टाळावें, व बिळें खणून बुजविणें, सापळे लावणें, बांध अरुंद व तणरहित ठेवणें यांवर भर द्यावा.

तिसरी गोष्ट समजुतीची. घुबड घरावर बसणें अशुभ मानून त्यास दगड मारणारे आपल्यांत अद्याप आहेत; आणि तेंच लक्ष्मीचें वाहन म्हणून पूजेंत मिरविणारेही आहेत. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानें त्यास मारणें वा धरणें हा गुन्हा आहे.

घुबडामुळें उंदीर समूळ नाहींसे होतील, असें मात्र कोणीं समजूं नये. तीन आठवड्यांच्या वेताशीं तीन महिन्यांच्या संगोपनाची बरोबरी होणें शक्य नाहीं. बिळांचा बंदोबस्त आपणच केला पाहिजे. परंतु आपण दमून निजल्यावर रात्रभर राखण करणारा, मजुरी न मागणारा गडी मिळत असतां त्यास एक भोंकही न ठेवणें, हा शहाणपणा नव्हे.