काँक्रीट धुवायचे, पण तोटी कोणती?

मुंबईच्या पूर्वेला, घारापुरी बेटाच्या पलीकडच्या किनाऱ्यावर न्हावा शेवा आहे. रायगड जिल्ह्यातील न्हावा आणि शेवा या दोन गावांची नावे जोडून हे नाव झाले. येथील जवाहरलाल नेहरू बंदर २६ मे १९८९ रोजी सुरू झाले आणि आज ते देशातील कंटेनर वाहतुकीच्या प्रमुख बंदरांपैकी एक आहे. धक्के, पूल, रस्ते, गोदामांच्या जमिनी, कंटेनर रचून ठेवण्याची आवारे, जिकडे पाहावे तिकडे काँक्रीट! २०२४ च्या जानेवारीत खुला झालेला, सुमारे २२ किलोमीटर लांबीचा अटल सेतूही समुद्र ओलांडून याच बाजूला उतरतो.

समुद्रकाठच्या काँक्रीटवर सर्व बाजूंनी मळ चढतो. वाऱ्याबरोबर खारे तुषार येतात, ट्रकच्या इंजिनातून तेल ठिबकते, चाकांबरोबर चिखल येतो. पावसाळ्याच्या चार महिन्यांत तर ओलसर काँक्रीटवर शेवाळाचा हिरवा-काळा थर जमतो. त्यावरून माणसाचा पाय घसरतो, वाहनाचे चाकही घसरते. म्हणून काँक्रीट धुवावे लागते. झाडूने घासणे मोठ्या आवारात पुरे पडत नाही. तेथे प्रेशर वॉशर, म्हणजे पाणी मोठ्या दाबाने फेकणारे यंत्र वापरतात. मोटारी धुण्याच्या केंद्रावर तुम्ही ते पाहिले असेल. जर्मनीत आल्फ्रेड केर्शर यांनी १९५० साली युरोपातील पहिले गरम पाण्याचे असे यंत्र तयार केले.

या यंत्राचा पंप, मोटार, जाड नळी हे सारे सहज नजरेत भरते. पण काम बिघडणार की साधणार, हे ठरते टोकाला बसवलेल्या, बोटाच्या पेराएवढ्या धातूच्या तोटीवर. कारागीर तिला नोझल म्हणतात. तिचे छिद्र जेमतेम एक मिलिमीटरचे असते. एवढ्याशा छिद्रात असे काय आहे?

कळसूबाईवरून सोडलेले पाणी

समजा, आपल्या यंत्राच्या तोटीशी पाण्याचा दाब १६० बार आहे. एक बार म्हणजे साधारण वातावरणाच्या दाबाएवढा दाब. तो १० मीटर उंच पाण्याच्या स्तंभाने पडतो. मग १६० बार म्हणजे सुमारे १,६०० मीटर उंच स्तंभ झाला. महाराष्ट्रातील सर्वांत उंच शिखर कळसूबाई, त्याची उंची १,६४६ मीटर. म्हणजे कळसूबाईच्या माथ्यावर टाकी ठेवून तिची नळी थेट न्हावा शेव्याच्या किनाऱ्यापर्यंत आणली, तर नळीच्या बंद टोकाशी जेवढा दाब पडेल, जवळजवळ तेवढा दाब हे यंत्र निर्माण करते!

एवढ्या दाबाखालचे पाणी छिद्रातून बाहेर पडताना किती वेग घेईल? इटालियन शास्त्रज्ञ टॉरिचेली याने १६४४ साली प्रसिद्ध केलेला नियम येथे उपयोगी पडतो. छिद्रातून सुटणाऱ्या पाण्याचा वेग हा तेवढ्याच उंचीवरून मोकळेपणी पडणाऱ्या वस्तूच्या वेगाइतका असतो. दाबाच्या भाषेत सांगायचे तर, दाबाची दुप्पट करून तिला पाण्याच्या घनतेने भागावे आणि वर्गमूळ काढावे. १६० बार म्हणजे १ कोटी ६० लाख पास्कल. दुप्पट केली, ३ कोटी २० लाख. पाण्याची घनता घनमीटरला १,००० किलोग्रॅम. भागाकार ३२,००० आणि त्याचे वर्गमूळ सुमारे १७९. वेग आला सेकंदाला १७९ मीटर, म्हणजे ताशी सुमारे ६४० किलोमीटर.

आपले यंत्र मिनिटाला १० लिटर पाणी फेकते असे धरू. म्हणजे दर सेकंदाला सुमारे १६७ ग्रॅम पाणी या वेगाने जमिनीवर आदळते आणि त्याचा वेग तेथेच संपतो. न्यूटनच्या दुसऱ्या नियमाने हिशेब केला तर जमिनीवरील बल सुमारे ३० न्यूटन, म्हणजे तीन किलोग्रॅम वजनाएवढे येते. तुम्ही म्हणाल, एवढेच? तीन किलोची पिशवी तर लहान मूलही उचलते! बरोबर आहे. महत्त्व बलाला नाही, ते किती जागेवर पसरले आहे त्याला आहे. सुईचे टोक आणि हाताचा तळवा यांत जो फरक, तोच येथे. आणि हे पसरवण्याचे काम तोटी करते.

लाल, पिवळी, हिरवी, पांढरी

काही तोट्यांतून पाणी सरळ सुतासारखे निघते. इतर तोट्यांच्या तोंडाशी बारीक खाच असते, त्यामुळे पाणी हातपंख्यासारखे पसरते. या पंख्याचा कोन ओळखता यावा म्हणून तोट्यांना रंग देण्याचा प्रघात आहे. लाल म्हणजे शून्य अंश, पिवळी १५ अंश, हिरवी २५ अंश, पांढरी ४० अंश. काळी तोटी ६५ अंशांची, साबणाचे पाणी कमी दाबाने पसरवण्यासाठी. सर्वच कारखानदार हे रंग पाळतात असे नाही, म्हणून तोटीवर कोरलेला आकडाही वाचावा.

तोटी जमिनीपासून ३० सेंटिमीटरवर धरली तर पंख्याची रुंदी किती होईल? त्रिकोणमिती शिकलेल्यांनी अर्ध्या कोनाचा टॅन्जंट घेऊन करून पाहावे. पिवळ्या तोटीचा पट्टा सुमारे ८ सेंटिमीटर, हिरवीचा १३ आणि पांढरीचा २२ सेंटिमीटर येतो. तेच तीन किलो बल या पट्ट्यावर वाटले जाते. पट्ट्याच्या दर सेंटिमीटरला पिवळ्या तोटीचे सुमारे ३८० ग्रॅम, हिरवीचे २३० ग्रॅम आणि पांढरीचे १४० ग्रॅम वजनाएवढे बल पडते. लाल तोटीचे सगळे बल मात्र एका ठिपक्यावर येते. तोटी आणखी जवळ नेली की पट्टा अरुंद होऊन मारा वाढतो, दूर नेली की धारेचे थेंब होऊन हवेतच तिचा जोर ओसरतो. म्हणून तोटी निवडणे आणि अंतर राखणे या एकाच कामाच्या दोन बाजू आहेत.

काँक्रीटची बाजू

मग लाल तोटी घेऊन काम लवकर का उरकू नये? याचे उत्तर काँक्रीटच्या स्वभावात आहे.

काँक्रीट म्हणजे खडी आणि वाळू यांना सिमेंटच्या लगद्याने धरून ठेवलेला कृत्रिम दगड. त्याला चिरडणे फार कठीण, ओढून तोडणे त्या मानाने सोपे. एम ४० प्रतीचे काँक्रीट दर चौरस मिलिमीटरला ४० न्यूटन दाब सोसते, पण ताण सोसण्याची त्याची शक्ती याच्या साधारण दहाव्या हिश्शाएवढीच, म्हणजे ४ न्यूटनच्या आसपास असते. आता आपली धार पाहा. १६० बार म्हणजे दर चौरस मिलिमीटरला १६ न्यूटन. सरळ धार अगदी जवळून मारली तर ती काँक्रीटला चिरडू शकणार नाही, पण पाणी बारीक छिद्रांत आणि भेगांत शिरून आतून रेटा देऊ लागले, तर तो रेटा ताण सोसण्याच्या शक्तीच्या चौपट असू शकतो. सिमेंटचे कण निघू लागतात, वाळू उघडी पडते, मग खडी दिसू लागते. जमिनीवर ओरखड्यासारख्या रेषा उमटतात आणि त्या पुन्हा बुजत नाहीत. याहून कितीतरी अधिक, हजार बारच्या पुढच्या दाबाची धार तर जुने काँक्रीट मुद्दाम फोडण्यासाठीच वापरतात.

न्हावा शेव्यासारख्या ठिकाणी ही केवळ दिसण्याची बाब नाही. काँक्रीटच्या पोटात पोलादी सळया असतात. काँक्रीट अल्कधर्मी असल्यामुळे सळईवर एक पातळ संरक्षक पापुद्रा तयार होतो आणि ती गंजत नाही. पण समुद्राच्या मिठातील क्लोराइड आत झिरपले की हा पापुद्रा फुटतो. गंज मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा व्यापतो, त्यामुळे काँक्रीट आतून फुगते आणि त्याला तडे जातात. हे टाळण्यासाठी सळईवर पुरेसे जाड आवरण ठेवतात. आयएस ४५६ या भारतीय मानकानुसार किनारी हवेतील काँक्रीटला किमान ४५ मिलिमीटर, समुद्राचे तुषार झेलणाऱ्याला ५० मिलिमीटर आणि भरती-ओहोटीच्या पट्ट्यातील काँक्रीटला ७५ मिलिमीटर आवरण लागते. या आवरणाचा सर्वांत वरचा, घोटून गुळगुळीत केलेला थर मिठाला पहिला अडवतो. चुकीच्या तोटीने आपण नेमका तोच थर सोलून काढतो. त्याशिवाय खडबडीत झालेल्या पृष्ठावर पाणी अधिक साचते आणि पुढच्या पावसाळ्यात शेवाळ आधीपेक्षा लवकर धरते!

शेवाळ, चिखल, धूळ यांची पकड मात्र काँक्रीटच्या मानाने अगदी दुबळी असते. तेव्हा मळ सुटावा पण सिमेंट सुटू नये, एवढाच जोर हवा. जी सर्वांत सौम्य तोटी काम करते, ती योग्य तोटी.

पाण्याचाही हिशेब

सौम्य तोटीचा आणखी एक फायदा आहे. हात सेकंदाला १० सेंटिमीटर या गतीने सरकवला, तर एक चौरस मीटर धुवायला पिवळ्या तोटीने सुमारे २१ लिटर, हिरवीने १३ लिटर आणि पांढरीने ८ लिटर पाणी लागते. पण पांढरीने मळ निघाला नाही आणि दोनदा फिरवावे लागले तर ही बचत संपली. साध्या काँक्रीटच्या जमिनीसाठी बहुधा हिरवी तोटी मधला मार्ग म्हणून उपयोगी पडते, ती याच कारणाने.

छिद्र किती मोठे?

कोनाइतकेच छिद्राचे मापही महत्त्वाचे. तोटीवर २५०३५ असा आकडा असेल तर पहिले दोन अंक कोन सांगतात, २५ अंश. उरलेले ०३५ म्हणजे माप ३.५. ही तोटी ४,००० पीएसआय, म्हणजे सुमारे २७६ बार दाबाला मिनिटाला ३.५ अमेरिकन गॅलन पाणी सोडते. १६० बारला तिच्यातून मिनिटाला साधारण १० लिटर पाणी जाते. म्हणजे आपल्या यंत्राला हीच जोडी योग्य.

माप चुकले तर काय होते? या यंत्राचा पंप दट्ट्यांचा असतो. दट्ट्याच्या प्रत्येक फेरीला ठरावीक पाणी पुढे ढकलले जाते, समोरचे छिद्र लहान असो वा मोठे. छिद्र फार लहान असेल तर दाब वाढत जातो आणि पंपावर ताण येतो. म्हणून जादा दाब सोडणारी झडप यंत्रात ठेवलेली असते. छिद्र मोठे असेल तर पाणी आरामात निघते आणि दाब पडतो.

तोटी झिजली तरी हेच घडते. पाण्यातील वाळूचे कण छिद्र हळूहळू घासतात. समजा, व्यास फक्त १० टक्क्यांनी वाढला. क्षेत्रफळ २१ टक्क्यांनी वाढले. पाणी तेवढेच, म्हणून वेग १.२१ पटीने घटला. दाब वेगाच्या वर्गाप्रमाणे बदलतो, म्हणून १६० बारचे सुमारे १०९ बार झाले! बादली भरायला तेवढाच वेळ लागतो, त्यामुळे कोणाला संशय येत नाही. दाबमापकाचा काटा मात्र खरे सांगतो. अशा वेळी अधिक तीव्र कोनाची तोटी लावण्यापेक्षा जुनी तोटी बदलावी.

काम कसे करावे?

जाणकार माणूस आधी एका आडबाजूच्या कोपऱ्यात पांढरी तोटी ६० सेंटिमीटरवरून वापरून पाहतो. मळ हलला नाही तर अंतर ३० सेंटिमीटरपर्यंत कमी करतो, तरीही नाही तर हिरवी तोटी घेतो. पिवळी फक्त हट्टी डागांपुरती. धार एका जागी थांबवायची नाही आणि तिरकी धरायची, म्हणजे मळ पुढे ढकलला जातो. नव्या काँक्रीटला तर निदान २८ दिवस घट्ट होऊ द्यावे. फरशीच्या ठोकळ्यांमध्ये वाळू भरलेली असेल तर सांध्यांवर धार रोखू नये, वाळू उडून ठोकळे सैल होतात. मोठ्या आवारासाठी झाकणाखाली फिरणाऱ्या दोन तोट्यांचे चाक मिळते. ते अंतर आपोआप सारखे राखते.

काही डाग कोणत्याच तोटीने जात नाहीत. तेलाला साबण आणि गरम पाणी हवे. गंजाचा तांबडा डाग आतून आला असेल तर तो धुण्याचा नव्हे, अभियंत्याला दाखवण्याचा विषय आहे. सळई गंजू लागल्याची ती खूण असते. धुतलेले पाणीही विचार करून सोडावे. तेल, साबण आणि सिमेंटचे कण घेऊन ते खाडीत उतरले तर खारफुटीच्या चिखलातील मासळीला आणि तिच्यावर पोट असणाऱ्या आगरी-कोळी कुटुंबांना त्याची झळ बसते.

एक गोष्ट मात्र पक्की लक्षात ठेवा. ही धार माणसाच्या कातडीतून आत शिरू शकते. बाहेरून सुई टोचल्याएवढी खूण दिसते, पण आत मोठी इजा झालेली असते. अशा वेळी वेदना नसल्या तरी ताबडतोब रुग्णालयात जावे लागते. तेव्हा यंत्र मोठ्यांनीच, बूट आणि चष्मा घालून चालवावे. धार कोणावर गमतीनेही रोखू नये.

करून पाहा

वेग आणि दाब यांचे नाते मात्र तुम्हाला वर्गात, कोणताही धोका न पत्करता तपासता येईल. दोन लिटरच्या प्लास्टिकच्या बाटलीला तळापासून तीन सेंटिमीटरवर एक लहान छिद्र पाडा. बाटली टेबलाच्या कडेला ठेवा आणि झाकण उघडे राहू द्या. पाण्याची पातळी छिद्राच्या वर २० सेंटिमीटर असताना धार जमिनीवर किती दूर पडते ते मोजा. पातळी ५ सेंटिमीटरवर आली की पुन्हा मोजा. खोली एक चतुर्थांश झाली, पण अंतर निम्मेच कमी झालेले दिसेल. यातच टॉरिचेलीचे वर्गमूळ आहे.

आणि आता एक गणित. आपल्या यंत्राच्या तोटीचा व्यास झिजून २० टक्क्यांनी वाढला, तर १६० बारपैकी किती दाब उरेल? वरच्याच पद्धतीने सोडवा. उत्तर ७७ बारच्या जवळपास यायला हवे.