नवजाताचे पहिले पंधरा दिवस : प्रसव, स्तन्यपान आणि वजन

प्रसूतीनंतर तिसऱ्या-चौथ्या दिवशी बाळाचे वजन घटलेले आढळले, की घरात चिंता सुरू होते. आईला दूधच उतरले नाही, असा निष्कर्ष तत्काळ काढला जातो आणि वरच्या दुधाचा किंवा बाळगुटीचा शोध सुरू होतो. ही विचारणा बहुधा दोन ठिकाणी येते : वैद्यांच्या चिकित्सालयात आणि औषधाच्या दुकानात. तेथे मिळणारे उत्तर बालकाच्या पुढील कित्येक महिन्यांच्या आहाराची दिशा ठरवते. म्हणून या विषयाचा शास्त्रदृष्ट्या आणि व्यवहारदृष्ट्या थोडक्यात परामर्श घेण्याचे आम्ही योजिले आहे.

वजन का घटते?

गर्भाशयात जलमय वातावरणात वाढलेल्या बालकाच्या शरीरात जन्मसमयी पाण्याचा अंश अधिक असतो. जन्मानंतर मूत्रावाटे व त्वचेवाटे तो कमी होतो. काळा चिकट मळही बाहेर पडतो. त्यामुळे पूर्ण दिवसांच्या, स्तन्यपान करणाऱ्या निरोगी बालकाचे वजन पहिल्या तीन-चार दिवसांत शेकडा ५ ते ७ इतके घटणे स्वाभाविक आहे. ३००० ग्रॅम वजनाचे बाळ तिसऱ्या दिवशी २८०० ग्रॅम भरले, तर तो रोग नव्हे. दहाव्या ते चौदाव्या दिवसापर्यंत बाळाने जन्माचे वजन परत गाठावे आणि पुढे पहिल्या तीन महिन्यांत रोज सुमारे २५ ते ३० ग्रॅम वाढावे, ही अपेक्षा असते. घट शेकडा १० पर्यंत पोहोचली, तर मात्र बालकाची व स्तन्यपानाची प्रत्यक्ष तपासणी करणे अवश्य ठरते.

प्रसवाच्या रीतीचा परिणाम

शस्त्रक्रियेने प्रसूती झाली असता स्तन्यप्रवृत्तीस काहीसा विलंब होण्याचा संभव असतो. वेदना, भूल, माता व बालक यांचा वियोग आणि प्रथम स्तन्यपानास लागलेला उशीर ही त्याची प्रमुख कारणे होत. प्रसूतीच्या वेळी मातेस शिरेवाटे पुष्कळ द्रव दिला गेला असेल, तर बालकाच्या जन्मवजनातही पाण्याची भर पडते आणि पुढील घट प्रत्यक्षापेक्षा मोठी दिसते. म्हणूनच वजनाचा आकडा वाचताना प्रसव कसा झाला, हे विचारले पाहिजे. कमरेत भूल देऊन शस्त्रक्रिया झाली असली, तरी माता शुद्धीवर असल्याने बहुतेक वेळा पहिल्या तासात बाळाला अंगाशी धरून पाजता येते.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) देशातील शेकडा ८८.६ प्रसूती आरोग्यसंस्थांत झाल्याचे आढळले. परंतु पहिल्या तासात स्तन्यपान मिळालेली बालके शेकडा ४१.८ इतकीच होती. प्रसूतिगृहाची सोय वाढली, तरी पहिला घोट मात्र अद्याप उशिराच मिळतो, असा याचा अर्थ आहे.

संहितांचा अभिप्राय

या विलंबाचे समर्थन काही वेळा ग्रंथांच्या आधारे केले जाते. सुश्रुताचार्यांनी हृदयस्थ धमन्या विवृत होऊन तीन किंवा चार रात्रींनंतर स्तन्य प्रवृत्त होते, असे सांगितले असून तोवर मध, तूप इत्यादींचा क्रम दिला आहे. चरकाचार्यांनी मात्र जातकर्मात मध-तूप चाटवल्यानंतर लगेच उजवा स्तन पाजण्यास सांगितले आहे.

आमच्या मते यात निरीक्षणाचा विरोध नाही. दूध भरपूर उतरून स्तन जड होतात, ते तिसऱ्या-चौथ्या दिवसाच्या सुमारासच. सुश्रुतांचे निरीक्षण आजही खरे ठरते. परंतु दूध उतरण्याचा काळ आणि पाजण्यास आरंभ करण्याचा काळ हे दोन भिन्न विषय आहेत. त्याआधी येणारा पिवळसर चीक हेच त्या दिवसांचे स्तन्य होय. पहिल्या दिवशी बाळाला एका वेळी जेमतेम चमचा-दीड चमचा पुरतो आणि चीक तितकाच येतो. तो रोगप्रतिकारक द्रव्यांनी युक्त असून काळा मळ बाहेर पडण्यासही साहाय्य करतो. तो पिळून टाकण्याची चाल सर्वथा त्याज्य आहे.

मधाविषयीही स्पष्ट बोलणे आवश्यक आहे. मधात विशिष्ट जिवाणूंचे बीजाणू असू शकतात. ते एक वर्षाच्या आतील बालकाच्या आतड्यात वाढून स्नायूंना शिथिल करणारे विष निर्माण करतात. असा आजार क्वचित होत असला, तरी तो प्राणघातक ठरू शकतो. म्हणून पहिल्या वर्षात मध देऊ नये, अनुपान म्हणूनही नाही. घरची गुटी उगाळताना सहाणेवाटे व पाण्यावाटे होणारा संसर्ग हाही तितकाच विचारणीय आहे.

स्तन्यवृद्धीचे मूळ

अपत्याच्या स्पर्शाने, दर्शनाने, स्मरणाने स्तन्य स्रवते आणि अखंड वात्सल्य हेच त्याचे कारण, असे सुश्रुतांनी म्हटले आहे. क्रोध, शोक व वात्सल्याचा अभाव ही स्तन्यनाशाची कारणेही त्यांनी दिली आहेत. आधुनिक शारीरक्रियाविज्ञान याला पुष्टीच देते. बाळ चोखते, तेव्हा मातेच्या मस्तिष्कातील पोषणिका ग्रंथीतून दूध निर्माण करणारे व दूध वाहवणारे असे दोन स्राव येतात. स्तन जितका रिता होईल, तितके दूध पुन्हा बनते. वरचे दूध सुरू झाले, की चोखणे कमी होते, त्यामुळे दूध घटते आणि घटले म्हणून वरचे दूध आणखी वाढते.

शतावरी, जीवंती, मेथी, अळीव, डिंक यांचे स्थान सूतिकेच्या आहार-औषधांत अवश्य आहे. पण ते साहाय्यक होत. दिवसरात्र मिळून आठ ते बारा वेळा पाजणे आणि बाळाच्या तोंडात केवळ बोंडी न देता भोवतीचा काळा भागही देणे, ही खरी चिकित्सा होय. शतावरी कल्पाचा डबा देताना एवढे दोन शब्द सोबत द्यावेत.

व्यवहारात काय पाहावे?

१. पाचव्या-सहाव्या दिवसापासून बाळ चोवीस तासांत सहा किंवा अधिक वेळा लघवी करते का? मळ काळ्याचा पिवळा झाला का? तसे असून बाळ तरतरीत असेल व वजन वाढू लागले असेल, तर दूध पुरते आहे, असे समजावे.

२. वजन त्याच काट्यावर, उघड्या अंगाने करावे.

३. २५०० ग्रॅमपेक्षा कमी वजनाच्या बाळाला मातेच्या छातीशी त्वचेस त्वचा लावून ठेवावे. नीट ओढता येत नसल्यास मातेचेच दूध काढून वाटी-चमच्याने किंवा बोंडल्याने द्यावे, बाटली टाळावी. मातेचे दूध अपुरे असल्यास मातृदुग्ध पेढीचा विचार करता येतो. मुंबईत शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात अशी पेढी १९८९ मध्येच सुरू झाली.

४. बाळ दूध ओढेनासे झाले, निपचित पडले, अंग गार किंवा तापलेले लागले, श्वास जलद झाला, कावीळ तळहात-तळपायांपर्यंत उतरली, तर कोणतेही औषध देत न बसता तत्काळ रुग्णालयात पाठवावे. प्रत्येक घट स्वाभाविक मानणे हेही तितकेच घातक आहे.

औषधविक्रेते बंधूंनी लक्षात ठेवावे, की १९९२ च्या कायद्याने व त्यातील २००३ च्या दुरुस्तीने मातृदुग्धाला पर्याय म्हणून विकल्या जाणाऱ्या पावडरींची आणि दूध पाजण्याच्या बाटल्यांची जाहिरात करण्यास मनाई केली आहे. विक्रीस बंदी नाही. परंतु मागणारास 'वजन केव्हा केले, लघवी किती वेळा होते, वैद्यांना दाखवले का' असे विचारण्यास काही खर्च येत नाही.

पहिले सहा महिने केवळ मातेचे दूध, पाणीसुद्धा नाही. आवश्यक औषध तेवढे वैद्याच्या सल्ल्याने. हा नियम आता सर्वमान्य आहे. तो पाळला जाईल की नाही, हे बहुधा तिसऱ्या-चौथ्या दिवशीच ठरते. त्या दिवशी घाबरलेल्या आजीला व थकलेल्या मातेला धीर देणे, बाळाला प्रत्यक्ष तपासणे आणि दोन दिवसांनी पुन्हा वजनास बोलावणे, हे कौमारभृत्याचे आद्य कर्तव्य आहे, असे आम्ही मानतो.