पर्यटनाची जाहिरात आणि सार्वजनिक पैसा

प्रास्ताविक

मागील घटकात आपण जाहिरातीच्या भाषेची घडण पाहिली. या घटकात त्याच जाहिरातीकडे दुसऱ्या बाजूने पाहावयाचे आहे. जाहिरात साबणाची किंवा सिमेंटची नसून एखाद्या राज्याच्या पर्यटनाची असेल, तिचा खर्च शासनाच्या तिजोरीतून होत असेल, तर तो पैसा कोणत्या वाटेने जातो आणि त्याचा हिशेब कोण कोणाकडे मागू शकतो, हा येथील विषय आहे. मराठीच्या अभ्यासक्रमात अर्थसंकल्पाचे काय काम, असे कोणास वाटेल. परंतु या व्यवहारातील बहुतेक अडचणी आकड्यांत दडलेल्या नसून शब्दांत दडलेल्या आहेत, असे माझे मत आहे.

काही वर्षांपूर्वी एका संपर्कसत्रात सिंधुदुर्गातून येणाऱ्या एका विद्यार्थ्याने मला विचारले होते, "सर, सरकार कोकणाची एवढी जाहिरात करते. तिच्यामुळे माझ्या घरी किती माणसे उतरली, हे कोणी मोजते का?" त्याचे निवास व न्याहारीचे चार खोल्यांचे घर होते. प्रश्न साधा होता आणि त्याचे उत्तर मला त्या दिवशी नीट देता आले नाही. पुढील विवेचन बऱ्याच अंशी त्या प्रश्नाच्या अनुरोधाने केलेले आहे.

शासन जाहिरात का करते?

समुद्रकिनारा कोणा एकाच्या मालकीचा नसतो. किनाऱ्याची जाहिरात एखाद्या खानावळीच्या मालकाने स्वखर्चाने केली, तर तिचा लाभ शेजारच्या खानावळीलाही फुकट मिळतो. त्यामुळे प्रत्येक जण दुसऱ्याने खर्च करण्याची वाट पाहतो आणि शेवटी कोणीच करीत नाही. म्हणून हे काम शासनाने करावे, हा युक्तिवाद जगभर मांडला जातो आणि तो मुळात खोटा नाही. न्यूयॉर्क राज्याने १९७७ साली चालविलेली 'आय लव्ह न्यूयॉर्क' ही मोहीम किंवा भारत सरकारची २००२ पासूनची 'इन्क्रेडिबल इंडिया' ही मोहीम याच विचारातून उभी राहिली. महाराष्ट्रात १९७५ साली पर्यटन विकास महामंडळ स्थापन झाले, तेही केवळ विश्रामगृहे चालविण्यासाठी नव्हे.

प्रश्न सुरू होतो तो यानंतर. शासनाने खर्च करावा हे मान्य केले, तरी तो कोणामार्फत करावा? शासकीय खात्याची गती मंद असते; कलावंत, जाहिरातसंस्था, दूरचित्रवाहिन्या यांच्याशी वाटाघाटी करणे खात्याला जमत नाही, असे म्हटले जाते. मग एक महामंडळ किंवा कंपनी काढली जाते आणि तिला शासन दरवर्षी रक्कम देते. या रकमेला आपल्याकडे 'सहायक अनुदान' म्हणतात. हा शब्द लक्षात ठेवावा. खाते स्वतः खर्च करते तेव्हा अर्थसंकल्पाच्या पुस्तकात वेतन, प्रवासखर्च, जाहिरात व प्रसिद्धी अशा वेगवेगळ्या ओळी दिसतात. तीच रक्कम अनुदान म्हणून दुसऱ्या संस्थेकडे वळली की त्या सर्व ओळींच्या जागी एकच ओळ उरते. त्या ओळीत लबाडी नसते. पण तिच्यामागे काय आहे, हे विधिमंडळाच्या सदस्याला मुद्दाम विचारावे लागते.

फ्लोरिडातील वाद

विचारले नाही तर काय होते आणि विचारल्यावर काय होते, या दोहोंचे उदाहरण म्हणून अमेरिकेतील फ्लोरिडा राज्य घेऊ. हे उदाहरण दूरचे आहे. तरी ते निवडण्याचे कारण असे की तेथील वाद उघडपणे, विधिमंडळात आणि न्यायालयाच्या दारात झाला.

फ्लोरिडात व्यक्तीच्या उत्पन्नावर राज्याचा कर नाही. राज्याची तिजोरी मुख्यतः विक्रीकरावर चालते आणि तो कर पर्यटकही भरतात. त्यामुळे पर्यटक आणणे हे तेथे महसुलाचेच काम मानले जाते. १९९६ साली राज्याचे वाणिज्य खाते मोडीत काढताना पर्यटनप्रसिद्धीचे काम 'व्हिजिट फ्लोरिडा' या संस्थेकडे सोपविण्यात आले. संस्था शासनाची, पण रूप खाजगी कंपनीसारखे. पैसा काही राज्याचा, काही हॉटेल, प्रवासी कंपन्या व करमणूक उद्यानांचा. या रचनेला 'सार्वजनिक-खाजगी भागीदारी' असे नाव आहे. भागीदारीत दोन्ही बाजूंनी सारखे घालावे अशी अपेक्षा असते. परंतु खाजगी बाजूने घातलेले सगळेच रोख नसते. सवलतीत दिलेल्या खोल्या, विनामूल्य दिलेली जाहिरातीची जागा यांचीही किंमत लावून ती वाट्यात धरली जाते. किंमत कोण लावतो, यावर 'सारखे' या शब्दाचा अर्थ ठरतो.

या संस्थेने मायामीचा प्रसिद्ध रॅप गायक पिटबुल याच्याशी राज्याच्या प्रसिद्धीसाठी करार केला. 'सेक्सी बीचेस' या त्याच्या गाण्याची चित्रफीत हा त्यातील एक भाग होता. २०१६ साली या करारात किती रक्कम दिली, अशी विचारणा झाली, तेव्हा ते 'व्यावसायिक गुपित' असल्याचे सांगून रक्कम उघड करण्यास नकार देण्यात आला. त्या वर्षीच्या डिसेंबरात प्रतिनिधिगृहाचे अध्यक्ष रिचर्ड कॉर्कोरन यांनी करार उघड व्हावा म्हणून दावा दाखल केला. दोनच दिवसांत खुद्द गायकानेच समाजमाध्यमावर करार प्रसिद्ध करून टाकला. रक्कम होती १० लाख डॉलर.

येथे थोडे थांबले पाहिजे. एका लोकप्रिय कलावंताला १० लाख डॉलर देणे योग्य की अयोग्य, यावर दोन मते असू शकतात. जाहिरातीच्या बाजारात ती रक्कम डोळे दिपविणारी नाही. वादाचा मुद्दा दुसराच होता. 'गुपित' या शब्दाला एक मालक लागतो. खाजगी कंपनीचे गुपित तिच्या भागधारकांचे असते आणि ते स्पर्धकांपासून लपवायचे असते. करदात्यांच्या पैशाने केलेल्या कराराचे गुपित नेमके कोणाचे आणि कोणापासून लपवायचे? खर्च करणारी संस्था कंपनीच्या वेषात असल्यामुळे कंपनीचा शब्दसंग्रहही तिच्याबरोबर आला आणि त्या शब्दाने प्रतिनिधिगृहाच्या अध्यक्षांनाही दाराबाहेर उभे केले. तेथील गव्हर्नर रिक स्कॉट हे पर्यटनप्रसिद्धीचे मोठे पुरस्कर्ते होते. (अमेरिकेतील गव्हर्नरचे भाषांतर 'राज्यपाल' असे केले जाते, पण तो लोकांनी निवडलेला कार्यकारी प्रमुख असतो, आपल्या मुख्यमंत्र्याच्या जवळचा.) वाद उघड्यावर आल्यानंतर संस्थेच्या मुख्य अधिकाऱ्याला पद सोडावे लागले.

पुढे २०१७ च्या अधिवेशनात विधिमंडळाने संस्थेची तरतूद २.५ कोटी डॉलरवर आणली. आदल्या वर्षी ती ७ कोटींच्या वर होती. जूनमध्ये विशेष अधिवेशन होऊन ७.६ कोटी डॉलर परत देण्यात आले, पण अटींसह. मोठे करार संकेतस्थळावर प्रसिद्ध करावेत, वेतन व प्रवासखर्चावर मर्यादा असाव्यात, असे कायद्यात आले. म्हणजे पैसा जवळजवळ तेवढाच राहिला. बदलला तो पाहण्याचा अधिकार.

'परतावा' कोणी मोजायचा?

आता आपल्या विद्यार्थ्याच्या प्रश्नाकडे येऊ. जाहिरातीचा समर्थक नेहमी म्हणतो की एका रुपयामागे इतके रुपये परत आले. हा 'परतावा' शब्द फसवा आहे. कोणाकडे परत आला? हॉटेलमालकाच्या गल्ल्यात की शासनाच्या तिजोरीत? पर्यटकाचा सगळा खर्च परतावा म्हणून मोजला, तर आकडा डोंगराएवढा होतो. केवळ तिजोरीत आलेला कर मोजला, तर तो पुष्कळ लहान होतो. आणि जे पर्यटक जाहिरात नसतीच तरी आले असते, ते वजा करावे लागतात. फ्लोरिडाला समुद्र आहे, ऊन आहे, १९७१ पासून ऑर्लँडोजवळ डिस्नेचे उद्यान आहे आणि डिस्ने स्वतःची जाहिरात स्वतः करतेच.

फ्लोरिडाच्या विधिमंडळाचे स्वतःचे एक आर्थिक संशोधन कार्यालय आहे. त्याने राज्याच्या करमहसुलापुरता हिशेब केला. २०१५ च्या अहवालात एका डॉलरमागे सुमारे ३.२० डॉलर आणि २०१८ च्या अहवालात सुमारे २.१५ डॉलर, असा परतावा निघाला. म्हणजे खर्च वाया गेला नव्हता. पण पहिल्या अहवालापेक्षा दुसऱ्याच्या काळात राज्याचा खर्च बराच वाढलेला होता आणि दर डॉलरमागील फळ कमी झाले होते. हे दोन आकडे शेजारी ठेवता आले, कारण मोजणारा खर्च करणाऱ्याच्या पगारावर नव्हता आणि दोन्ही वेळी मोजण्याची व्याख्या बाहेरची होती.

उलट बाजूने कोलोरॅडो राज्याचे उदाहरण नेहमी दिले जाते. तेथे १९९३ साली पर्यटनावरील विशेष कराची मुदत संपली, मतदारांनी तो पुन्हा लावण्यास नकार दिला आणि राज्याची सुमारे १.२ कोटी डॉलरची प्रसिद्धी बंद पडली. त्यानंतर देशांतर्गत सहलींच्या बाजारातील राज्याचा वाटा ३० टक्क्यांनी घटला, असे एका संशोधनसंस्थेने मांडले. २००० साली शासनाने पर्यटन कार्यालय पुन्हा सुरू केले. जाहिरातीचे महत्त्व सांगणारी ही कथा पर्यटन क्षेत्रात फार लोकप्रिय आहे. ती खोटी आहे असे मी म्हणत नाही. मात्र ही मोजणी त्याच क्षेत्रासाठी काम करणाऱ्या संस्थेची आहे, हे वाचकाने ध्यानात ठेवावे आणि मग आकडा स्वीकारावा.

आपल्याकडील साधने

भारतात शासकीय कंपनीचा लेखापरीक्षक नेमण्याचा अधिकार भारताच्या नियंत्रक व महालेखापरीक्षकांना आहे आणि ते स्वतः पूरक लेखापरीक्षाही करू शकतात. संविधानाच्या १५१ व्या अनुच्छेदानुसार राज्याच्या लेख्यांवरील त्यांचे अहवाल राज्यपालांमार्फत विधिमंडळापुढे येतात. महामंडळांसंबंधीचे अहवाल सार्वजनिक उपक्रम समिती तपासते, खात्यांसंबंधीचे लोकलेखा समिती. ही यंत्रणा भक्कम आहे, पण ती खर्च झाल्यानंतर, कधी कधी बऱ्याच वर्षांनी, बोलते. तोपर्यंत मोहीम संपलेली असते आणि घोषवाक्यही बदललेले असते.

जाहिरातीच्या मजकुरावरही अंकुश आहे. सर्वोच्च न्यायालयाने २०१५ साली शासकीय जाहिरातींत नेत्यांच्या छायाचित्रांवर निर्बंध घातले. २०१६ साली ते काहीसे सैल करून मुख्यमंत्री व मंत्र्यांच्या छायाचित्रांना परवानगी दिली. किल्ल्याच्या जाहिरातीत किल्ल्यापेक्षा मंत्री मोठा दिसू लागला, तर ती पर्यटनाची जाहिरात उरत नाही, एवढे भान त्या वादातून यावे.

नागरिकाच्या हाती सर्वांत जवळचे साधन म्हणजे माहितीचा अधिकार अधिनियम, २००५. शासकीय महामंडळ हे या कायद्याच्या अर्थाने सार्वजनिक प्राधिकरण असते. फ्लोरिडात जो शब्द आडवा आला, तो येथेही आहे: कलम ८(१)(घ) अन्वये व्यावसायिक गुपितांची माहिती नाकारता येते. परंतु व्यापक लोकहितासाठी ती उघड करणे आवश्यक आहे, असे सक्षम प्राधिकाऱ्याचे समाधान झाल्यास ती द्यावी, अशी जोड त्याच खंडात आहे. नकार मिळाला तर पहिले अपील आणि त्यानंतर राज्य माहिती आयोगाकडे दुसरे अपील करता येते.

क्षेत्रकार्य

राज्याच्या अर्थसंकल्पीय अंदाजांत '३४५२ – पर्यटन' हे मुख्य लेखाशीर्ष शोधावे. त्याखालील ओळींत 'सहायक अनुदान' हा शब्द कोठे येतो आणि 'जाहिरात व प्रसिद्धी' कोठे, हे आपल्या वहीत टिपावे. त्यानंतर एखाद्या पर्यटन मोहिमेचा एकूण खर्च, करार केलेली संस्था आणि परिणाम मोजण्याची पद्धत यांविषयी माहिती मागणारा अर्ज लिहावा. महाराष्ट्राच्या नियमांप्रमाणे अर्ज एकाच विषयाचा आणि साधारणतः १५० शब्दांच्या आत असावा. 'कृपया सविस्तर माहिती मिळावी' यासारख्या मोघम वाक्यांना त्यात जागा देऊ नये. अर्जाचा मसुदा पुढील संपर्कसत्रास सोबत आणावा.