दुष्काळ आणि देवाचा न्याय

ईश्वर दयाळू असेल, तर निरपराध जीवांना दुःख का भोगावे लागते? ब्रह्मसूत्रकारांनी हा आक्षेप स्वतःच उपस्थित केला आहे. शंकराचार्यांनी त्याच्या उत्तरादाखल पर्जन्याचा दृष्टान्त योजिला. पाऊस सर्वत्र सारखाच पडतो. भात उगवावा की यव, हे बीजावर अवलंबून. तद्वत सुखदुःखाचा भेद ज्याच्या त्याच्या कर्मामुळे होतो.

पण पाऊसच पडला नाही तर? 1630 ते 1632 च्या दुष्काळात देहूच्या तुकोबांची प्रथम पत्नी अन्नावाचून गेली, पुत्रही गेला. त्या बालकाचे कर्म कोणते, असे विचारणाऱ्यास पूर्वजन्माकडे बोट दाखविता येते. परंतु तो जन्म कोणी पाहिलेला नसतो, आणि खरे म्हणजे असे उत्तर दुःखितावरच आरोप ठेवते. तुकोबांनी देवाची वकिली केली नाही. ते त्याच्याशी भांडले. आणि परंपरा सांगते की, पिढीजात सावकारीतील आपल्या वाट्याची कर्जखते त्यांनी इंद्रायणीत बुडविली. पाऊस त्यांच्या हाती नव्हता. ऋणकोंची सुटका होती.

सुमारे अडीच शतकांनी हाच प्रश्न पंडिता रमाबाईंपुढे आला. तीर्थयात्रा आणि पुराणकथन यांत आयुष्य वेचलेले त्यांचे मातापिता 1870 च्या दशकातील दुष्काळात उपासमारीने वारले. रमाबाईंची जुनी श्रद्धा ढळली; 1883 मध्ये त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला. 1896-97 च्या दुष्काळात मात्र त्या मध्य प्रांतात गेल्या आणि तेथील निराधार मुलींना आपल्या आश्रयाला घेऊन आल्या.