गेमप्ले गंडलेला असतो, तरी पोरं गेम संपवूनच का उठतात? विषय स्टोरीचा आहे

वारणानगर म्हटलं की साखर कारखाना, दूध आणि श्रीखंड आठवतं. पण या भागाची अजून एक ओळख आहे.

१९९८ मध्ये इथं 'वायर्ड व्हिलेज' प्रकल्प सुरू झाला. कोल्हापूर आणि सांगली जिल्ह्यातल्या ७० गावांत संगणक पोहोचवायचं ठरलं. कशासाठी? तर उसाची नोंद, वजन, बिल ही माहिती शेतकऱ्याला गावातच मिळावी म्हणून.

मोठ्यांसाठी संगणक म्हणजे उसाचा हिशोब. पोरांचा मात्र कुठलाही संगणक दिसला की एकच प्रश्न असायचा, "यात गेम हाय काय?"

त्या पिढीतल्या कुणालाही विचारा, वारणेतला असो नाहीतर वाशिमचा, व्हाइस सिटीतलं हेलिकॉप्टरचं मिशन आठवतंय का?

खेळण्यातलं हेलिकॉप्टर उडवायचं, बांधकाम चालू असलेल्या इमारतीत बॉम्ब ठेवायचे, वर घड्याळ चालू. कीबोर्डवर ते हेलिकॉप्टर सरळ जाईल तर शपथ. कित्येकांनी तिथंच हात टेकले. तरी दुसऱ्या दिवशी पोरगं परत हजर. कारण पंधरा वर्षं जेल भोगून आलेल्या टॉमीचं पुढं काय होतं, ते बघायचं असायचं.

आता आपला प्रश्न हाच आहे. खेळताना वैताग येतो, तरी गेम आवडतो. असं का?

आधी गेमप्ले म्हणजे काय ते बघू

बटण दाबल्यावर माणूस कसा पळतो, कॅमेरा कुठं वळतो, मारामारी कशी होते, हा सगळा झाला गेमप्ले. ही माणसं कोण, का भांडतायत, पुढं काय होणार, ही झाली स्टोरी.

दोन्ही जमलेले गेम कमीच. पण बिघाड कुठं आहे, यावर आपण माफ करायचं की नाही ते ठरतं.

'विचर ३' चं उदाहरण घ्या. पोलंडच्या सीडी प्रोजेक्ट रेडचा हा गेम २०१५ चा. नायक गेराल्ट चालायला एवढा जड की लोकांनी तक्रारी केल्या, मग कंपनीनं अपडेटमधून चालण्याचा वेगळा पर्याय दिला. त्याच्या घोडीचे घोळ तर विचारूच नका, थेट घराच्या छपरावर उभी दिसायची. तरीही द गेम अवॉर्ड्समध्ये त्या वर्षीचा सर्वोत्तम गेम हाच ठरला.

यामागची कारणं काय?

पहिलं म्हणजे हाताला सवय होते. जड चाल, विचित्र कॅमेरा हे सुरुवातीला खटकतं, तास-दोन तासांनी हात आपोआप जुळवून घेतो. स्टोरीची उत्सुकता मात्र वाढतच जाते.

दुसरं, सूत्रं आपल्या हातात असतात. सिनेमात नायक चुकतो, गेममध्ये आपण चुकतो. कुणाला वाचवायचं हे आपण ठरवलेलं असलं की त्या माणसाचं मरण जास्त लागतं.

तिसरं कारण आठवणीचं. १९९३ मध्ये बार्बरा फ्रेडरिक्सन आणि डॅनियल काहनमन या मानसशास्त्रज्ञांनी लोकांना छोट्या क्लिप दाखवून अभ्यास केला. अनुभव किती वेळ चालला यापेक्षा त्यातला सगळ्यात तीव्र क्षण आणि शेवट यावरून आपण तो चांगला की वाईट ते ठरवतो, असं त्यांना दिसलं.

आपल्याला हे नवीन नाही. दशावतारातली तलवार खरी नसते, हे कोकणातल्या प्रेक्षकाला दिसतंच की. तरी तो पहाटेपर्यंत बसतो.

पण शेवट गंडला तर?

इथं पुण्याचा 'राजी: अॅन एन्शंट एपिक' आठवतो. नॉडिंग हेड्स गेम्सचा हा गेम. २०१७ मध्ये किकस्टार्टरवर लोकांकडून पैसे उभे करायचा प्रयत्न फसला, तरी टीम थांबली नाही. २०२० मध्ये गेम आला आणि द गेम अवॉर्ड्समध्ये नवोदितांच्या सर्वोत्तम इंडी गेमसाठी नामांकनही मिळालं.

राक्षसांनी पळवलेल्या भावाला, गोलूला, शोधायला निघालेली राजी. दुर्गा आणि विष्णू तिची गोष्ट सांगतात. गेममधल्या चित्रांचं कौतुक झालं, मारामारी कच्ची आहे अशी टीकाही झाली. ती टीका बऱ्याच जणांनी पोटात घातली. पण गोष्ट ऐन रंगात असताना गेम संपतो, याची चुटपुट जास्त राहिली.

म्हणजे लढाई कच्ची असली तर चालतं, गोष्ट अर्धी राहिली की लागतं.

मग सगळंच माफ करायचं का?

अजिबात नाही. त्याच सीडी प्रोजेक्ट रेडचा 'सायबरपंक २०७७' डिसेंबर २०२० मध्ये आला. जुन्या कन्सोलवर तो इतका अडकायचा, बंद पडायचा, की सोनीनं तो आपल्या स्टोअरवरून काढला आणि पैसे परत दिले. स्टोरीपर्यंत पोहोचूच दिलं नाही, तर स्टोरी कितीही भारी असून काय उपयोग?

त्यामुळं गेम घेण्याआधी एवढंच बघा. त्रास सवयीनं जाणारा आहे, की रस्ताच अडवणारा?

आणि लढाई जमत नसेल तर डिफिकल्टी खुशाल कमी करा. विचर ३ मधल्या सगळ्यात सोप्या पातळीचं नावच 'फक्त गोष्ट' अशा अर्थाचं आहे. बनवणाऱ्यांनीच दार उघडं ठेवलंय म्हटल्यावर मित्र काय म्हणतील याचं टेन्शन आपण कशाला घ्यायचं?