आजीच्या पेटीतील पवित्र प्रतिमा

आपल्यापैकी पुष्कळांच्या घरी आल्तारावर निरंतर साहाय्य मातेचे चित्र असते. सोनेरी पार्श्वभूमी, मातेला बिलगलेले बाळ, त्याच्या पायातून निसटलेली एक वहाण, आणि वर दोहों बाजूंना क्रूस व भाला घेतलेले देवदूत. मुंबईत माहीम येथे संत मिखाएलच्या मंदिरात १९४८ सालापासून दर बुधवारी याच मातेची नोव्हेना होत आली आहे. परंतु त्या चित्रात जी अपरिचित अक्षरे दिसतात, त्यांच्याकडे आपले लक्ष क्वचितच जाते. ती ग्रीक अक्षरे होत. मरियेच्या मस्तकाशेजारी 'देवमाता' आणि बाळाशेजारी 'येशू ख्रिस्त' असे ती संक्षेपाने सांगतात. म्हणजे आपल्या घरचे हे चित्र मूळचे पूर्वेकडचे, क्रीट बेटाच्या चित्रपरंपरेतले आहे. एका व्यापाऱ्याने ते तेथून चोरून रोमला आणले आणि मरणसमयी पश्चात्ताप पावून ते ख्रिस्तमंदिरात ठेवण्याची विनंती केली, असे परंपरा सांगते. पुढे १८६६ साली पोप नववे पायस यांनी ते रेडेम्प्टोरिस्ट संघाच्या स्वाधीन केले.

अशा पूर्वेकडील प्रतिमेला 'आयकॉन' म्हणतात. ग्रीस, रशिया, सर्बिया, रुमानिया या देशांतील ऑर्थोडॉक्स बांधवांच्या घरोघर त्या पिढ्यान्‌पिढ्या चालत येतात. १९१७ च्या क्रांतीनंतर रशिया सोडून गेलेल्या कुटुंबांनी आणि १९२२-२३ मध्ये आशिया मायनरमधून हाकलले गेलेल्या ग्रीक लोकांनी घरदार मागे टाकले, पण पुष्कळांनी प्रतिमा मात्र उराशी धरून नेल्या. आज त्यांची नातवंडे-पतवंडे परमुलखात आहेत. आजी निवर्तते, पेटी उघडली जाते, कापडात गुंडाळलेली एक काळवंडलेली फळी हाती येते, आणि प्रश्न पडतो: ही कोठली? केव्हाची? आणि खरी का? या प्रश्नाचा शोध कसा घेतात आणि त्यातून आपण काय शिकावे, हे आज पाहू.

जाणकार मनुष्य प्रतिमा हाती घेतली म्हणजे प्रथम ती उलटी करतो. चेहरा नव्याने रंगवता येतो, पाठ सहसा कोणी रंगवीत नाही. रशियात बहुधा लिंडन वा पाइन वृक्षाची फळी घेत, ग्रीक बेटांवर सायप्रसचा उपयोग होई. जुनी फळी वाकसाने तासलेली असते, तिच्यावर हत्याराचे ओबडधोबड घाव दिसतात. यंत्राच्या करवतीने कापलेल्या फळीवर सरळ, समांतर रेघा उमटतात. फळी वाकू नये म्हणून मागे आडव्या पट्ट्या बसवलेल्या असतात. त्या बसवण्याच्या रीतीवरूनही काळाचा अंदाज लागतो. जुन्या रशियन प्रतिमांत पुढचा मधला भाग किंचित खोल कोरून कडेला उंचवटा ठेवीत. सतराव्या शतकाच्या अखेरीस ही चाल मागे पडली. परंतु एकोणिसाव्या शतकात जुन्या वळणाच्या चाहत्यांसाठी ती पुन्हा सुरू झाली. यास्तव एकाच खुणेवर निर्णय करू नये. चार खुणा एकच साक्ष देतील, तेव्हाच विश्वास ठेवावा.

फळीवर कापड चिकटवून त्यावर खडू व सरस यांचा पांढरा थर देत, त्यावर अंड्याच्या पिवळ्या बलकात कालवलेले रंग लावीत, आणि शेवटी जवसाच्या तेलाचा लेप देत. हे तेल कालांतराने काळे पडते. दिव्याची आणि मेणबत्तीची काजळीही त्यात मिसळते. म्हणून एखाद्या शतकातच चित्र दिसेनासे होई, आणि मग कोणी तरी त्यावरच नवे चित्र रंगवी. रशियन चित्रकार संत आंद्रेई रुब्ल्योव्ह यांची 'पवित्र त्रैक्य' ही प्रतिमा अशीच शतकानुशतके झाकली गेली होती. १९०४ साली तिची सफाई सुरू झाली, तेव्हा खालचे तेजस्वी रंग पाहून लोक चकित झाले.

येथे एक इशारा देणे अवश्य आहे. हे काम तज्ज्ञांचे होय. पुष्कळ कुटुंबांत भक्तीच्या भरात कोणी तरी ओला फडका, साबण किंवा स्पिरिट घेऊन प्रतिमा घासतो, आणि जे दोनशे वर्षे टिकले ते पाव तासात नाहीसे होते. काळी पडलेली प्रतिमा मेलेली नसते. ती केवळ झाकलेली असते.

अक्षरे ही दुसरी साक्ष. ग्रीक प्रतिमेवर ग्रीक, रशियन प्रतिमेवर जुनी स्लाव्ह लिपी आढळते. रशियात पॅट्रिआर्क निकॉन यांनी १६५३ पासून उपासनाविधीत बदल केले, तेव्हा येशूच्या नावाचे लेखन एका अक्षराने वाढले आणि क्रूसाची खूण दोन बोटांऐवजी तीन बोटांनी करावी असे ठरले. ज्यांनी हे मानले नाही, ते 'जुने श्रद्धावंत' होत. त्यांच्या प्रतिमांवर नाव जुन्याच रीतीने लिहिलेले आणि आशीर्वादाच्या हाताची दोनच बोटे उभारलेली दिसतात. एका अक्षरावरून एका घराण्याची श्रद्धा आणि तिने सोसलेला छळ उलगडावा, हे केवढे नवल!

प्रतिमेवर धातूचे आवरण असेल, तर त्याच्या कडेवर बारीक शिक्के शोधावेत. रशियन चांदीवर '८४' हा आकडा पुष्कळदा आढळतो. त्याचा अर्थ हजारात ८७५ भाग शुद्ध चांदी. १८९९ नंतरच्या शिक्क्यात शिरोभूषण घातलेल्या स्त्रीचे मस्तक असते. ते डावीकडे पाहत असेल तर १९०८ पूर्वीचे, उजवीकडे पाहत असेल तर नंतरचे. कधी आवरण काढल्यावर खाली केवळ चेहरा व हात रंगवलेले आणि उरलेली फळी कोरी निघते. पाहणारा म्हणतो, 'फसवणूक झाली!' वस्तुतः तसे नाही. गरिबाला परवडावी म्हणून जेवढे दिसते तेवढेच रंगवण्याची ती रीत होती. पालेख, म्स्त्योरा, खोलुय या खेड्यांत अशा प्रतिमा मोठ्या संख्येने होत. एक कारागीर चेहरे रंगवी, दुसरा वस्त्रे. पुढे विसाव्या शतकाच्या आरंभी पत्र्यावर छापलेल्या प्रतिमाही निघाल्या. भिंगातून पाहिले असता छपाईचे ठिपके दिसतात.

लबाडीही पुष्कळ आहे. जुन्या फळीवर नवे चित्र काढतात, रंगाला मुद्दाम तडे पाडतात, गिरमिटाने किड्यांची भोके करतात. परंतु किडा वेडावाकडा पोखरीत जातो, गिरमिट सरळ जाते. खोटेपणाला घाई असते, आणि घाई कोठे तरी उघडी पडतेच.

आता मुख्य प्रश्न. प्रतिमा जुनी नाही असे ठरले, तर ती खोटी झाली काय? पूर्वेकडील ख्रिस्तसभा असे मानीत नाही. तेथे जुन्या नमुन्यावरून श्रद्धेने काढलेली प्रत ही लबाडी नव्हे. ती त्याच मातेची प्रतिमा होय. खोटी ती, जी विकणारा खोटे बोलून विकतो.

यासंबंधी एक हकीकत ध्यानात ठेवण्याजोगी आहे. रशियातील कझान शहरी १५७९ साली सापडलेली देवमातेची प्रतिमा फार विख्यात होती. १९०४ साली ती चोरीस गेली व पुन्हा मिळाली नाही. पुढे तिची एक सुंदर प्रतिमा पश्चिमेत आली. १९७० मध्ये ती विकत घेऊन फातिमा येथे ठेवण्यात आली. हीच मूळ प्रतिमा, असे अनेकांना वाटे. १९९३ साली ती पोप दुसरे जॉन पॉल यांच्याकडे आली आणि अकरा वर्षे ते तिच्यापुढे प्रार्थना करीत. तज्ज्ञांनी तपासणी केली, तेव्हा ती अठराव्या शतकातील प्रत ठरली. पोपमहोदयांनी काय केले? सत्य नाकारले नाही, आणि प्रत म्हणून तिचा अनादरही केला नाही. २८ ऑगस्ट २००४ रोजी ती मॉस्कोमध्ये पॅट्रिआर्क अलेक्सी यांच्या हाती सन्मानाने परत देण्यात आली. पुढच्याच वर्षी ती कझानला पोहोचली.

शोधाचे आणखीही एक उत्तर निघू शकते: ही वस्तू आपली नव्हेच. १९७४ नंतर सायप्रसच्या उत्तर भागातील ख्रिस्तमंदिरे लुटली गेली आणि तेथील प्रतिमा जगभर विकल्या गेल्या. इंग्रज गायक बॉय जॉर्ज यांनी त्यांतलीच एक ख्रिस्तप्रतिमा १९८५ मध्ये भाबडेपणाने विकत घेतली होती. दूरचित्रवाणीवर त्यांच्या घराची भिंत दिसली, सायप्रसच्या एका बिशपांनी ती प्रतिमा ओळखली, आणि २०११ साली गायकाने ती परत केली. 'ही कोठली?' असे विचारणाऱ्याने या उत्तराचीही तयारी ठेवली पाहिजे.

वाचकहो, आपल्या घरी आयकॉन नसेल. पणजोबांचा क्रूस असेल, आजीच्या आईची जपमाळ असेल, संत अंतोनीचे रंग उडालेले चित्र असेल. लाकडाचे वय तज्ज्ञ सांगू शकेल, चांदीचा कस सोनार सांगेल. परंतु ती वस्तू कोणी दिली, कोणत्या आजारात तिच्यापुढे रात्र जागवली, कोणाच्या लग्नात ती घरी आली, हे सांगणारे माणूस एकच असते, आणि ते म्हातारे झालेले असते. यास्तव या रविवारी मिस्सा आटोपून घरी गेल्यावर त्या वृद्ध माणसाजवळ बसा आणि विचारा. जे सांगतील ते एका कागदावर सालासह लिहून त्या वस्तूजवळ ठेवा. वस्तूवर मात्र काही लिहू नका. उद्या आपली नातवंडे पेटी उघडतील, तेव्हा त्यांच्या हाती केवळ एक फळी लागू नये. त्या फळीपुढे गुडघे टेकणारी माणसेही त्यांना भेटावीत.