पिवळी डायरेक्ट, लाल चावीवर

सकाळी 9:30
नांदेडचा लातूर फाटा. गाड्यांत सेट बसवणाऱ्या मिस्त्रीचं दुकान दहा बाय बारा. आज दिवसभर माझा मुक्काम इथंच. आत सामान, काम सगळं बाहेर हिरव्या जाळीखाली. मे महिना आहे. दुपारी पारा चाळिशीपार जातो, म्हणून बारीक काम सकाळी उरकायचं.

10:15
अहमदपूरहून बोलेरो आली. लग्नसराईत वऱ्हाडाला लावलेली गाडी. मालकानं नऊ इंची अँड्रॉइड सेट ऑनलाइन मागवलाय, नुसता बसवायचाय.
"फिटिंगचे किती घ्यायलाव?"
"सातशे."
"वायरी तर जोडायच्यात की, मिस्त्री."
सहाशेवर तुटलं. सातशेसुद्धा कमीच होते.
"रिव्हर्स कॅमेऱ्याची वायर आत्ताच मागं ओढून ठेवू का, मालक?"
"नको, उगं खर्च."

10:30
दहा नंबरच्या पान्यानं बॅटरीची मायनस काढली. मग प्लॅस्टिकच्या पट्टीनं डॅशबोर्डचं पॅनल हळूहळू उचकटलं. लोखंडी स्क्रू ड्रायव्हर घातला तर ओरखडा पडतो, आणि ओरखड्याचे पैसे मिस्त्रीच्या अंगावर. निघालेले स्क्रू जुन्या स्पीकरच्या लोहचुंबकाला चिकटवले. हाताखालचं पोरगं विशीतलं, रोज चारशे.

11:00
बॅटरी पुन्हा जोडून सप्लाय शोधायचा. कंपनीच्या वायरींचे रंग गाडीगणिक बदलतात, त्यांच्यावर भरवसा नाही. टेस्ट लॅम्पचा चिमटा बॉडीला, टोक एकेका वायरीला. चावी बंद असतानाही लॅम्प लागला, ती डायरेक्ट. चावी फिरवल्यावरच लागला, ती चावीची. नव्या सेटची पिवळी डायरेक्टला, लाल चावीच्या सप्लायला, काळी बॉडीला. पिवळी आणि लाल यांची अदलाबदल झाली तर चावी काढली की सेट घड्याळ, स्टेशनं सगळं विसरतो. दोन्ही डायरेक्टला दिल्या तर बॅटरी उतरते आणि सकाळी गाडी ढकलावी लागते.

11:30
स्पीकरच्या वायरींना पेन्सिल सेल टेकवला. दारातून 'खर्र' आलं. पोरगं स्पीकरची जाळी काढून पडद्याकडं बघतंय. पडदा बाहेर आला तर सेलच्या प्लसकडची वायर प्लस. एका स्पीकरची जोडी उलटी लागली तर आवाज येतो, पण बेस मरतो, आणि गिऱ्हाईक सेटला शिव्या देतं. सेटच्या बाजूला पांढरी-राखाडी पुढची, हिरवी-जांभळी मागची, काळ्या रेघेची मायनस. स्पीकरची मायनस बॉडीला लावायची नाही, सेटचा आयसी जळू शकतो.

12:00
आता खरं काम. पोरानं वायर दातानं सोलायला घेतली.
"दात त्यासाठी दिलेत का तुला?"
तांब्याच्या तारा पिळल्या. खालून सोल्डरिंग आयर्न टेकवलं, वरून सोल्डर. ते तारांत शिरलं पाहिजे. वर गोळा होऊन बसलं तर जोड कच्चा. मग स्लीव्ह सरकवली आणि लायटरनं आवळली. इथल्या उन्हात साध्या काळ्या टेपचा डिंक सुटतो आणि जोड उघडा पडतो. पिवळीवर फ्यूज, सप्लायच्या जवळ. सगळ्या वायरींच्या जुडग्याला कापडी टेप, म्हणजे खड्ड्यात खडखड होत नाही. हे सगळं पॅनलमागं जाणार. मालकाला दिसणार फक्त काच.

1:45
भाकरी, ठेचा. पंधरा मिनिटं.

3:00
लोह्याहून छोटा हाथी टेम्पो आला. "गाडी चालू केली की टेप कुईंऽऽ करायलाय." ॲक्सिलरेटर दिला की सूर चढतो. मिस्त्रीनं सेटची अर्थिंग बघितली. रंगावरच स्क्रू आवळलेला. पॉलिश पेपरनं चकचकीत लोखंड निघेपर्यंत पत्रा घासला, रिंग टर्मिनल आवळलं. सूर गेला. दीडशे रुपये.

5:00
एका कारला ॲम्प्लिफायर आणि वूफर बसवायचाय. मिस्त्रीनं जुना फ्यूज ओढून काढला. त्याला सिगारेटच्या पाकिटातली चांदी गुंडाळलेली. पुढची वायर तपकिरी, कडक, बोटानं दाबली तसं आवरण मोडलं.
"आधी ही लाइन नवी टाकू. बॅटरीपासून जाड वायर, फ्यूजसकट. मग ॲम्प."
"आतापर्यंत काय झालं नाही ना?"
"आग लागली तर माझ्या हातानं लागंल, मालक."
गिऱ्हाईक निघून गेलं. बाराशेचं काम गेलं. पोरगं गप्प. मिस्त्रीनं ती चांदी त्याच्या हातावर ठेवली आणि दुसऱ्या गाडीकडं वळला. दिवसभरात मला सगळ्यात पटलेली गोष्ट हीच.

7:30
एका अल्टोला स्पीकरची जोडी. दोन बल्ब, एक हॉर्न.

9:00
हिशेब. बोलेरो सहाशे, छोटा हाथी दीडशे, स्पीकरचे सुटले साडेचारशे, किरकोळ दोनशे. चौदाशे. पोराचे चारशे, स्लीव्ह-टेप-फ्यूज एकशे तीस, चहा साठ. उरले आठशे दहा. त्यातून भाडं आणि लाइट बिल. शटर ओढताना फोन वाजला, अहमदपूरचा.
"मिस्त्री, सेट लई भारी चालायलाय. पोरं म्हणायलीत, कॅमेरा पण बसवा."
"बसवू की. डॅशबोर्ड परत उघडावा लागंल मालक, त्याचे वेगळे."